आमच्या गाडीचा मोकळा श्वास

गाडी चढावर थांबली, यात विशेष काही नाही. गाड्या थांबतात, आणि चढ असला की जरा जास्तच थांबतात. पण ती थांबल्यावर आतली माणसं एकेक करून उतरली, ओझं कमी झाल्यावर मी एकटा पहिल्या गिअरमध्ये घुरघुर करत वर पोचलो, आणि बघतो तर आमची आई काठी टेकत टेकत माझ्याआधी येऊन जिन्याच्या पायरीवर बसलेली, याला काय म्हणावं? आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. डॉक्टरांनी तिला चढ चढायला मनाई केली आहे. त्या मनाई केलेल्या आईनं, वरच्या मजल्यावरच्या काकांच्या देखत, मला विचारलं, "आलास का रे? मला वाटलं, मुक्काम करतोस की काय."

काका हसले नाहीत. काका कधीच हसत नाहीत. ते नुसती मान हलवतात, आणि ती मान पुढे आठवडाभर आपल्या डोळ्यांसमोर हलत राहते.

थोडा खुलासा केला पाहिजे. आमची इमारत टेकाडावर आहे. फाटक खाली, इमारत वर आणि मध्ये सिमेंटचा वळणदार चढ. सकाळी ऑफिसला जाताना गाडी आपोआप खाली घरंगळते, तेव्हा तिची काहीच तक्रार नसते. तिची सगळी तक्रार घरी यायला. संध्याकाळी फाटकापाशी तिला जो दम लागतो तो वर पोचेपर्यंत, आणि वाटेत ती इतकी कण्हते, की गाडी बाळंत होतेय की काय असं कुणालाही वाटावं. मी खिडकीची काच वर करून, सरळ समोर बघत, हा आवाज दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आहे असा चेहरा ठेवून वर येत असे.

चेहऱ्याचा उल्लेख आला तेव्हा माझ्या प्रतिष्ठेविषयीही सांगून टाकतो. ऑफिसात लोकांनी लिहिलेले मसुदे मी दुरुस्त करतो. हयात त्यात गेली. त्यामुळे इमारतीत कसला नियम लिहायचा झाला की सगळे माझ्याकडे बघतात. शांतता समितीचा अध्यक्षही मीच. निवड बिनविरोध झाली, कारण सभेला मी आणि काका असे दोघेच आलो होतो. काका सदस्य झाले. मग मी नियम लिहिले, पाट्या लावल्या. हॉर्न वाजवू नये. जिन्यात मोठ्याने बोलू नये. पाळीव प्राण्यांनी शांतता राखावी. या शेवटच्या पाटीवर काकांनी शंका काढली की प्राण्यांना वाचता कुठे येतं? मी म्हटलं, त्यांच्या मालकांना तरी कुठे येतं, पण आपण लावतोच ना पाट्या.

आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान असला माझा प्रकार नाही. माझ्या घरात येऊन बघा. मी संध्याकाळी दार उघडून आत पाऊल टाकतो तेव्हा बायको स्वयंपाकघरात काही तरी निवडत असते, मुलगी टेबलाशी पुस्तक उघडून बसलेली असते आणि आई खुर्चीत डोळे मिटून असते. टाचणी पडली तर ऐकू यावी. आईला ती टाचणीही ऐकू येणार नाही म्हणा, तिला कमी ऐकू येतं, निदान मी काही सांगत असलो की हमखास येत नाही. पण सांगायचा मुद्दा असा, की मी घरात कधी आवाज चढवत नाही. चढवावाच लागत नाही. मी आलो की शिस्त आपोआप लागते. ऑफिसात हे मी पुष्कळांना सांगितलं आहे आणि पुष्कळांनी ते जांभया दाबून ऐकलंही आहे.

तर अशा माणसाची गाडी चढावर कण्हते, हे कसं चालायचं? समितीचा अध्यक्ष म्हणून मी फिरायचं आणि सगळ्यात मोठा आवाज माझ्याच गाडीचा. काकांची ती मान तेच सांगत होती. मी ठरवलं, गाडी चढ चढली पाहिजे, आणि चढताना हू की चू करता कामा नये.

माझ्या मेकॅनिकला त्याच्या गल्लीतले सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात, म्हणजे त्यानंच तसं म्हणायला लावलंय. त्याच्या गळ्यात खराखुरा स्टेथोस्कोप असतो. गाडी नेली की तो आधी नुसता बघत राहतो, मग बॉनेटवर स्टेथोस्कोप लावतो आणि गाडीच्या मालकाला श्वास रोखून धरायला सांगतो. मी धरला. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "छाती भरलीय."

मग तो गाडीखाली शिरला आणि खालून बोलू लागला. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या गंजून पडल्यात, नळीचा एक वाक दगडावर आपटून चेपलाय, धुराला बाहेर पडायला वाटच नाही, मग इंजिनानं नवा श्वास घ्यायचा कुठून? हे मला पटलं. दगड मला आठवत होता. गाडी मागे घेताना बायको "दगड, दगड" म्हणत होती आणि मी तिला म्हटलं होतं की ओरडू नकोस, मला दिसतंय.

उपायही त्यानं सांगितला. रुंद नळी, वाक अगदी सोपे, आणि आरपार सरळ सायलेन्सर, म्हणजे मधून भोकाभोकांची नळी आणि तिच्याभोवती आवाज पिणारी लोकर. धूर सुसाट बाहेर. फक्त एक आहे, तो म्हणाला, थोडा आवाज वाढेल.

मी म्हटलं, आवाज मुळीच चालणार नाही. उलट आहे त्याहून कमी हवा.

डॉक्टर गाडीखालून बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "साहेब, श्वास मोकळा हवा, की तोंड बंद हवं? एक काय ते ठरवा."

"दोन्ही हवं," मी म्हणालो. "माझ्या घरात मी दोन्ही करून दाखवलंय."

त्यानं माझ्या छातीवर स्टेथोस्कोप लावायला हात उचललेला मला दिसला, पण गिऱ्हाईक मोडू नये म्हणून त्यानं तो खाली घेतला असावा.

घरी मी हा बेत जाहीर केला. वाटलं होतं, सगळे खूश होतील, विशेषतः आई. पण बायको म्हणाली, चालतेय ना गाडी, मग कशाला हात लावता? मी तिला सांगितलं की आता चढावर कुणाला उतरावं लागणार नाही. ते ठीक आहे, ती म्हणाली, चढू दे, पण आवाजाचं कशाला काढताय? मुलगी एरवी माझ्या कुठल्याच बेतात लक्ष घालत नाही, तीही पुस्तकातून मान वर काढून म्हणाली, "बाबा, थोडा आवाज असू द्या ना. बरं वाटतं." आणि ज्या आईला ऐकू येत नाही ती खुर्चीतून म्हणाली, "गाडीला आवाज असावाच रे. माणूस येतोय ते कळतं."

खरं सांगतो, मला भरून आलं. म्हणजे मी दिवसभर तिकडे दुसऱ्यांच्या मसुद्यांत मान घालून बसतो, आणि इकडे माझी माणसं गाडीच्या आवाजाकडे कान लावून माझी वाट बघतात. घराबद्दल मला जे वाटत होतं त्याहून ते शंभर पटीनं चांगलं निघालं. मी आईला मोठ्या आवाजात सांगितलं, की काळजी करू नकोस, आवाज नसला तरी मी वेळेवरच येईन. आईनं नुसतंच बायकोकडे पाहिलं.

बातमी जिन्यातून वर-खाली गेली आणि सल्ले घरात आले. काकांचं म्हणणं, सायलेन्सरला जुनं घोंगडं गुंडाळा. ते पेटेल, असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, मग ओलं गुंडाळा. ऑफिसातल्या एकानं जेवणाची सुट्टी खर्च करून मला समजावलं की धुराला थोडा अडथळा हवाच, साफ मोकळं सोडलं तर इंजिन उनाड होतं. हे तो इंजिनाबद्दल बोलत होता की त्याच्या मुलाबद्दल, हे शेवटपर्यंत कळलं नाही. खालच्या मजल्यावरचे मास्तर, जे मुलांना माउथ ऑर्गन शिकवतात, ते म्हणाले की तुमच्या गाडीचा सूर मुळात वाईट नाही, फक्त ती चढावर उतरते. मी विचारलं, चढते की उतरते? ते म्हणाले, गाडी चढते, सूर उतरतो.

शेवटी गाडी डॉक्टरकडे सोडली. काम झालं तेव्हा मी स्वतः गेलो. आवाज तपासल्याशिवाय ताब्यात घेणार नव्हतो, मी काही दुधखुळा नाही. डॉक्टरनं गाडी चालू केली. मी मागे उभा राहिलो, बाजूला उभा राहिलो, वाकून नळीला कान लावला. मांजर परवडलं इतकी शांत. डॉक्टरनं स्टेथोस्कोप लावून तेच सांगितलं. आम्ही दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, ते मात्र ओरडून करावं लागलं, कारण त्याच्या एका बाजूला पत्रा ठोकणाऱ्याचं दुकान आहे आणि दुसऱ्या बाजूला लोखंड कापणाऱ्याचं. त्या गल्लीत विमान जरी चालू केलं तरी ते मांजरच वाटेल, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. डॉक्टरचा जन्म त्या गल्लीत गेला, त्याला काय सांगणार. पण मी?

गल्ली संपली, मोठा रस्ता लागला आणि मला वाटलं मागून कुणी तरी रणगाडा घेऊन येतंय. मी बाजू दिली. रणगाडाही बाजूला आला. मग कळलं.

फाटकातून गाडी आत घेतली. एक सांगतो, चढ ती अशी चढली की ज्याचं नाव ते. कण्हणं नाही, कुथणं नाही. पण आवाज म्हणाल तर खिडक्यांच्या काचा वाजल्या, बाल्कन्यांत माणसं आली, आणि पाळीव प्राण्यांनी एकमुखानं समितीचा नियम मोडला. काका कठड्याशी उभे होते. मी गाडी बंद केली. त्यांची मान हलली.

घरात पाऊल टाकलं तर सगळं जिथल्या तिथे. बायको निवडत होती, मुलगी वाचत होती, आई डोळे मिटून होती. एवढा गदारोळ झाला तरी घराची घडी विस्कटली नव्हती. तेवढाच एक आधार वाटला.

दुसऱ्या दिवशी समितीची सभा झाली. म्हणजे काका आले. नियमाप्रमाणे नोटीस अध्यक्षांनी द्यायची असते, आणि नियम माझाच. मी मला नोटीस दिली. काकांनी पोच मागितली, तेव्हा ती मिळाल्याची सहीही मीच केली. मसुदा बघून काका म्हणाले, जरा सौम्य झालाय. मग मी दोन शब्द कडक केले. शिक्षाही नियमात होतीच, त्यात पळवाट ठेवलेली नव्हती: असं वाहन फाटकाबाहेर उभं करावं, आणि वाहन तपासणी कार्यालयाचा आवाजाचा दाखला आणेपर्यंत आत घेऊ नये. पळवाट का ठेवली नाही, याचा मला तेव्हा फार पश्चात्ताप झाला. ठेवणं माझ्याच हातात होतं.

मग सुरू झालं रोज फाटकाबाहेर गाडी लावणं आणि चढ पायी चढणं. गाडी पार कोपऱ्यावरच्या वळणापासून ऐकू येई, आणि मी घामाघूम होऊन वर पोचेपर्यंत बराच वेळ जाई. त्या दिवसांत घरातली शिस्त पूर्वी कधी नव्हती इतकी कडक होती. एकदा तर मी आत गेलो तेव्हा आई चक्क घोरत होती.

डॉक्टरकडे पुन्हा गेलो. या खेपेला त्याला गाडीत बसवून गावाबाहेरच्या रस्त्यावर नेलं आणि तिथे ऐकवलं. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, अरे बापरे, गल्लीत हिनं मला फसवलं. त्यानं लोकर वाढवली, मागे आणखी एक सायलेन्सर जोडला. गडगडाट गेला, पण एक घुमारा उरला. ठरावीक वेग आला की गाडीत घुंऽऽऽ असा आवाज भरायचा आणि दाढा हुळहुळायच्या. डॉक्टर म्हणाला, यावर एक इलाज आहे, नळीच्या बाजूला एक आंधळी नळी जोडायची, म्हणजे जिचं दुसरं टोक बंद आहे अशी. तिची लांबी सुराच्या मापानं नेमकी बसली की आवाज तिच्यात जातो, आपटून परत येतो आणि स्वतःलाच गिळतो. पण सूर कुठला ते कळायला हवं, आणि त्याचा स्टेथोस्कोप सूर सांगत नाही.

म्हणून मास्तर. मास्तर मागच्या सीटवर माउथ ऑर्गन घेऊन बसले, पुढे डॉक्टर वेगाच्या काट्याकडे बघत, आणि मी गाडी चालवतोय. गाडी घुंऽऽऽ करायची, मास्तर पें करायचे. जुळत नाही, जरा हळू घ्या. पुन्हा घुं, पुन्हा पें. सिग्नलला बाजूच्या गाडीतली मुलं आमच्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागली. चौकातल्या हवालदारानं आम्हाला बाजूला घेतलं आणि आवाज कसला म्हणून विचारलं. मी म्हटलं, गाडीचा. तो म्हणाला, गाडीचा कळला, दुसरा? गाडीचाच सूर शोधतोय, असं मास्तरांनी त्याला शांतपणे सांगितलं. हवालदारानं आमच्या तिघांची तोंडं हुंगून पाहिली आणि सोडून दिलं.

सूर सापडला. परतताना मास्तर खुशीत होते. म्हणाले, "तुमच्या घरात सुराचं अंग आहे बरं का."

"आमच्या घरात?" मी म्हटलं. "आमच्या घरात सूर सोडा, शब्द नाही निघत."

मास्तरांनी माउथ ऑर्गन रुमालात गुंडाळला आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

आंधळी नळी बसली, आणि काय सांगू तुम्हाला. गावाबाहेरच्या त्याच रस्त्यावर उभे राहून आम्ही ऐकलं. काहीच नाही. डॉक्टरनं मागच्या नळीपुढे हात धरून बघितला तेव्हा कुठे खात्री पटली की गाडी चालू आहे. धूर मोकळा, ताकद भरपूर, आवाज शून्य. डॉक्टरनं स्टेथोस्कोप गळ्यातून काढून खिशात ठेवला.

दाखला मिळवणं आता सोपं, असं मला वाटलं. वाहन तपासणी कार्यालयात आवाजाची खिडकी मागच्या बाजूला आहे. तिथल्या कारकुनानं यंत्र धरलं, आकडा बघितला आणि म्हणाला, गाडी चालू करा. मी म्हटलं, चालूच आहे. तो म्हणाला, माझी चेष्टा करू नका, हा आकडा आमच्या पंख्याचा आहे. पंखा बंद करायची परवानगी आणायला तो साहेबांकडे गेला. साहेब बाहेर आले, गाडीभोवती फिरले, आणि आवाज कमी का केला म्हणून मला विचारू लागले. लोक आवाज वाढवून इथे येतात, दंड भरतात, जातात. कमी करून आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. यात नक्की काही तरी लपवलेलं आहे, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना चढाची हकिगत सांगितली, आईचे गुडघे सांगितले, काकांची मान करून दाखवली. घरी सगळे कसे वाट बघतात तेही सांगितलं. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं आणि दाखल्यावर सही केली.

आता तो दिवस. दाखला खिशात, गाडी हातात, वेळ रोजचीच. फाटकापाशी आलो तर पहारेकरी स्टुलावर बसून डुलक्या घेतोय. एरवी गाडी कोपऱ्यावर वळली की हा फाटक उघडून सलाम ठोकून उभा. हॉर्न वाजवावा, तर पाटी माझीच, आणि बरोबर नाकासमोर. मी उतरलो, फाटक मीच उघडलं, गाडी आत घेतली, फाटक मीच लावलं. त्याला जागही आली नाही. याची नोंद मी मनात करून ठेवली.

गाडी चढ चढली. लोण्यातून सुरी जावी तशी चढली. मी वर बाल्कन्यांकडे बघितलं, कुणी तरी बघेल म्हणून. चिटपाखरू नाही. एवढा खटाटोप केला आणि त्याची दखल घ्यायला कुणी कठड्याशी नाही, याचा थोडा राग आला. एवढ्यात वरून कुठून तरी हसण्याचा आवाज ऐकू आला. साधंसुधं हसणं नव्हे, पोट धरून, भिंतीला टेकून हसतात तसलं. मध्येच माउथ ऑर्गन. मध्येच टाळ्या. मला तर बरंच झालं. आजच दाखला आणला होता, आजच एखादी कडक नोटीस द्यायला अध्यक्ष अगदी मोकळे होते. कुणाचं घर ते बघायला मी जिना चढू लागलो. पहिला मजला नाही. दुसरा मजला. उजवीकडचं घर बंद. डावीकडचं.

डावीकडचं घर आमचं.

दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून बघितलं. खोलीच्या मध्यावर आमची आई उभी होती, काठीशिवाय. नाकावर माझा जुना चष्मा, हातात जेवणाचं ताट, स्टिअरिंगसारखं धरलेलं. ती ताट वळवत, गाल फुगवून, आमच्या जुन्या गाडीचा चढ काढत होती. घुर्रर्र, खट, घुर्रर्र. हुबेहूब. तो गिअर अडकायचा तो खटका मीसुद्धा विसरलो होतो, तिनं तोही काढला. मुलगी टेबलावर पाय सोडून बसली होती आणि माउथ ऑर्गनवर साथ करत होती, आणि बाजूला मास्तर तिला मात्रा दाखवत होते. मग आई गाडीतून उतरली. चष्मा वर केला, टेबलावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि माझ्या आवाजात म्हणाली, "मी ओरडत नाही. मला ओरडावं लागत नाही."

बायको खाली जमिनीवर बसली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आई, पुरे हो," म्हणत होती आणि पुन्हा हसत होती.

मी दार ढकललं.

सगळ्यांत आधी बायकोनं पाहिलं. मग मुलीनं. माउथ ऑर्गन तोंडातच राहिला. मास्तर उठून उभे राहिले, कशासाठी ते त्यांनाही कळलं नसावं. आईनं ताट हळूच खाली ठेवलं, चष्मा काढला, खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि तिला ऐकू येणं बंद झालं. घरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आजवर ती शांतता मला तयार मिळायची. होताना मी ती पहिल्यांदाच पाहिली.

बायको हळूच म्हणाली, "गाडीचा आवाज नाही आला."

"नवा सायलेन्सर," मी म्हणालो.

खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. नकलेचं नव्हे. नक्कल उत्तम होती. वाईट वाटलं ते बायकोच्या हसण्याचं. लग्न झालं तेव्हा ती तसं हसायची. पुढे वयानं माणसाचं हसणं कमी होतं, असं मी धरून चाललो होतो. कमी झालं नव्हतं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते रोज चालू होतं.

मी आईजवळ गेलो. म्हटलं, "आई, पुढचं कर ना."

"काय म्हणतोस? ऐकू येत नाही."

"पुढचं कर," मी ओरडलो. जिन्यापर्यंत गेलं असेल. आई हलली नाही. मग मीच ते ताट उचललं आणि गाल फुगवून घुर्रर्र केलं. कुणी हसलं नाही. मी उतरलो, टेबलावरून बोट फिरवलं. मुलगी खाली बघत होती. माझी मलाच लाज वाटायला लागली, पण आता मध्ये थांबणं त्याहून वाईट दिसलं असतं. मी म्हणालो, "मी ओरडत नाही."

"असं नाही," बायको जमिनीवरूनच म्हणाली. "आधी चष्मा वर करता तुम्ही."

मी चष्मा वर केला.

"दुसऱ्या हातानं," मुलगी म्हणाली.

मी हात बदलला, त्यात ताट सुटलं आणि ठणाणा करत घरभर फिरलं. ते एकदाचं थांबलं. मग आईला राहवलं नाही. "दे इकडे," ती म्हणाली, "साधं स्वतःचं सोंग येत नाही तुला." आणि तिनं पहिल्यापासून सुरू केलं, फाटकापासून. चढाच्या मध्यावर मी खिडकीची काच वर करून सरळ समोर बघतो, तो चेहरा तिनं केला, आणि मला काय झालं कळेना, मी भिंत धरून हसायला लागलो.

तेवढ्यात दारात काका. हातात समितीची नोटिसांची वही. घर पुन्हा चिडीचूप झालं. काकांनी वही माझ्यापुढे धरली. तक्रार त्यांनी लिहून आणलेली होती: दुसरा मजला, डावीकडचं घर, असह्य हसणं. अध्यक्षांनी सही करावी.

मी म्हटलं, काका, तुम्ही आमच्या अगदी डोक्यावर राहता. हे तर म्हणे रोज चालतं. मग इतके दिवस तक्रार का केली नाही?

"रोजच्याची नाहीच तक्रार," काका म्हणाले. "रोजचं चांगलं असतं. आज त्यात एक भसाडा आवाज जास्तीचा होता."

मी सही केली. मसुदा त्यांनी चांगला लिहिला होता, दुरुस्तीला जागा नव्हती. पोचही दिली. काम झालं तरी काका जाईनात. त्यांनी वही काखेत घेतली, एकदा आईकडे पाहिलं, एकदा ताटाकडे.

"ते चढाचं," ते म्हणाले, "पुन्हा होणार आहे का? रोज वरून ऐकतो. दिसत नाही."

मी त्यांना खुर्ची दिली आणि मी जमिनीवर बायकोशेजारी बसलो. ती थोडी सरकली. मास्तरांनी मुलीला सूर दिला. आईनं माझा चष्मा नाकावर ठेवला, ताट हातात घेतलं, आणि सुरू करण्याआधी माझ्याकडे बघून म्हणाली,

"दार लावून घे रे. तो आलेला हल्ली कळत नाही."